जुन्या देणगीदारांची आठवण फक्त पैसे लागले की होते

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर हल्ली दर दोन-चार दिवसाआड एक फोटो असतोच. स्टेज, मागे फ्लेक्स, पुढे पाहुणे, दोघातिघांनी मिळून धरलेला तो मोठा पुठ्ठ्याचा चेक आणि खाली बातमी की अमुक संस्थेला तमुक कंपनीकडून मदत. चांगलंच आहे, मदत कोणाचीही असो शेवटी गरिबाच्या कामी येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या फोटोत जी माणसं कधीच नसतात त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांनी त्याच संस्थेला वीस-वीस वर्षं दरवर्षी शंभर, दोनशे, पाचशे रुपये दिले, तुरीचा कट्टा दिला, गहू दिला, आणि कोणती कंपनी येईपर्यंत ज्यांच्या भरवशावर ती संस्था जगली, ती माणसं.

मी दारव्हा तालुक्यातला रिटायर्ड झेडपी मास्तर. आमच्या भागात एक छोटी संस्था आहे, नाव लिहीत नाही कारण हे पत्र जाहिरातीसाठी नाही. सरकारी दवाखान्यात भरती पेशंटच्या नातेवाईकांना ती दोन वेळचं जेवण देते. पेशंटचं कसंतरी होतं, पण त्याच्यासोबत जो आला त्याचं काय? बाई बाळंतपणाला आली की सोबत सासू असते, एखादं लहान पोट्टं असतं, तांड्यावरून नाहीतर आडबाजूच्या खेड्यावरून आलेले, शेवटची एसटी निघून गेलेली आणि खिशात हॉटेलात खायचे पैसे नाहीत. त्यांच्यासाठी हे वरण-भात, पोळी-भाजी. मी तिथं पावत्या फाडायचं आणि हिशोबाचं काम बघतो म्हणून देणारे लोक मला जवळून माहीत आहेत.

हे लोक कधी आणि कसं देतात ते शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे देणगीचं कॅलेंडर शेतीवर चालतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस विकला, चुकारा हातात आला की काही लोक येतात. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघाली की कोणी पायली, कोणी अर्धा कट्टा आणून टाकतो. मार्च-एप्रिलात गहू. भागवत सप्ताह झाला की उरलेला शिधा आणि तेलाचे डबे येतात. आणि तेरवी. आमच्या भागात हे खूप वाढलं आहे, घरातलं मोठं माणूस गेलं की पोरं म्हणतात तेरवीचा खर्च थोडा आवरू आणि बाबांच्या नावानं दवाखान्यातल्या लोकांचं एक दिवसाचं जेवण आमच्याकडून, आणि मग ती तिथी दरवर्षीची होते. एक बाई आहेत, शेतमजुरी करतात, कापूस वेचायचे पैसे किलोच्या हिशोबानं मिळतात, त्यातून दर दिवाळीला १०१ रुपये आणून देतात आणि पावतीवर स्वतःचं नाही तर नवऱ्याचं नाव लिहायला लावतात. तो माणूस याच दवाखान्यात शेवटचे दिवस होता तेव्हा त्या आमच्या इथे जेवल्या होत्या. आता सांगा, ह्या १०१ रुपयांची किंमत कशात मोजायची.

याच्यात टॅक्सचा काही स्वार्थ नाही हेही सांगतो. लोकांना वाटते देणगी म्हणजे ८०जी, आयकरातलं देणगीवरच्या सुटीचं कलम, सूट मिळते म्हणून देतात. अहो, शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही तर सूट कशाची घेणार? आमच्या दहापैकी नऊ देणाऱ्यांना ती पावती कुठं लावायची तेसुद्धा माहीत नाही. जे नोकरीवाले आहेत त्यांना सूट लागते, पण नव्या टॅक्स रिजीममध्ये गेलेल्याला तीही मिळत नाही, आणि २००० च्या वर रोख दिली तर कोणालाच नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून तर संस्थेला देणगीदारांची यादी नाव-पॅन सकट आयकर खात्याला ऑनलाइन कळवून मग सर्टिफिकेट द्यावं लागते. ते सगळं व्यवस्थित केलंच पाहिजे, आम्ही करतो. पण सर्टिफिकेट पाठवलं म्हणजे देणगीदाराचे आभार झाले असं जे अनेक संस्थांचे पदाधिकारी समजतात ते मला पटत नाही. ज्याला सर्टिफिकेट लागतच नाही त्याचे आभार मग कसे मानणार?

आता कंपन्यांचं. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर लावणं बंधनकारक झालं. तेव्हापासून आमच्यासारख्या भागातल्या संस्थांचे पदाधिकारी प्रपोजल लिहिण्यात गुंतून गेले, प्रेझेंटेशन, फोटो, रिपोर्ट, एप्रिल २०२१ पासून तर त्यासाठी वेगळी नोंदणीपण लागते. कंपनीला दर तीन महिन्याला रिपोर्ट जातो, रंगीत फोटोसकट. आणि ज्यानं तुरीचा कट्टा सायकलवर बांधून आणला त्याला वर्षातून एक मेसेज जातो, तोही व्हॉट्सॲपवर, क्यूआर कोड लावून, "सढळ हाताने मदत करा". खाली दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये हात जोडलेल्या इमोजी पडतात आणि झालं. कंपनीचा प्रोजेक्ट संपतो, साहेब बदलतात, पैसा थांबतो. तेव्हा मग परत जुनं रजिस्टर शोधायला लागतात आणि बघतात तर अर्धे मोबाईल नंबर बंद आहेत.

माझ्या डोळ्यासमोर झालेली एक गोष्ट लिहितो, संस्था कोणती ते सांगत नाही, आमची नव्हे. त्यांच्या जुन्या इमारतीत भिंतीवर देणगीदारांच्या नावाची फरशी होती, सुरुवातीच्या काळात ज्यांनी पैसे दिले, विटा दिल्या, बैलगाडीनं रेती टाकून दिली अशा लोकांची नावं. मोठी मदत मिळाली, नवीन बिल्डिंग झाली, समोर मोठ्या देणगीदाराच्या नावाची चकचकीत पाटी लागली आणि जुनी फरशी काढली ती मागे शेडमध्ये उलटी टेकवून ठेवली. उद्घाटनाला गावातली एक म्हातारी आली होती, नातवाला घेऊन, त्याला आजोबाचं नाव दाखवायला. ती सगळ्या भिंती फिरली. कोणाला विचारायची तिची हिंमत झाली नाही. नातू म्हणे, आजी, तुले काही आठवते का बराबर? हे मी जवळ उभा राहून ऐकलं. ती फरशी नव्या भिंतीत बसवायला एक गवंडी आणि अर्धा दिवस लागला असता.

तरीपण माझं म्हणणं असं नाही की नुसत्या पाट्या लावा. पाटीनं काही होत नाही. शाल-श्रीफळ आणि मोमेंटोनं तर अजिबातच होत नाही, उलट त्याच्यात देणगीचेच पैसे जातात. आणि काही लोकांना नाव नकोच असते, गुप्तदान म्हणून देतात, त्यांचा फोटो काढून स्टेटसला टाकला तर ते पुढल्या वर्षी येणार नाहीत. आधी विचारा त्यांना, नाव टाकलं तर चालेल का. एवढं तर करता येते.

मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते आता सांगतो आणि हे मी आमच्या रजिस्टरवरून आणि माणसांवरून शिकलो. आमच्याकडे जुना देणगीदार तुटतो तो बहुतेक वेळा नापिकीच्या वर्षी तुटतो. त्याचं मन बदललेलं नसते, संस्थेवर रागही नसतो. बोंडअळी येते, सोयाबीनचे भाव पडतात, ऐन काढणीला पाऊस येतो, त्या वर्षी त्याच्याकडे द्यायला काही नसते. मग तो लाजतो. ज्या हातानं इतकी वर्षं दिलं तो हात रिकामा घेऊन कसं जायचं म्हणून तो त्या रस्त्यानंच जात नाही, दवाखान्यात त्याचं स्वतःचं कोणी भरती असलं तरी आमच्या पंगतीत बसत नाही, बाहेर मुरमुरे खाऊन राहते पण आत येत नाही. दुसऱ्या वर्षी पीक बरं झालं तरी वाटते आता मध्ये गॅप पडला, लोक काय म्हणतील. आणि संस्था काय समजते? की "यांनी देणं बंद केलं", आणि यादीतून नाव काढते. दोन्हीकडून गैरसमज. एवढ्याशा गैरसमजात पंधरा-वीस वर्षांचं नातं संपते.

म्हणून आम्ही एक ठरवलं आणि ते मी सगळ्या संस्थांना सांगतो, ज्या वर्षी एखाद्याची देणगी आली नाही त्या वर्षी त्याच्या घरी पहिले जायचं. पैसे मागायला नाही. पावती पुस्तक सोबत न्यायचंच नाही, घरी ठेवून जायचं, म्हणजे त्यालाही वाटत नाही की वसुलीला आले. असंच मी एका भाऊंकडे गेलो होतो. अडीच एकर कोरडवाहू, दोन वर्षं आले नव्हते. चहा झाला, पिकाचं बोलणं झालं, मग ते उठून आत गेले आणि एक तार घेऊन आले, दुकानदार बिलं ओवून ठेवतात तशी, खाली लाकडी ठोकळा, आणि त्याच्यात संस्थेच्या सगळ्या पावत्या ओवलेल्या. खालच्या पावत्यांची शाई पार फिकी झालेली, कार्बन पेपरचं निळं उमटलेलं, एका पावतीवर तर आमच्या पहिल्या सेक्रेटरी साहेबांची सही, ते जाऊन किती वर्षं झाली. सगळ्या पावत्या सालावारी. आणि त्यांनी मला विचारलं काय, तर "गुरुजी, माह्या तुरीची दाय शिजते का हो बराबर? आमची जमीन चुनखडीची हाय, पाणी जड लागते तिले, म्या इच्यार करत रायतो लोकाइले कच्ची तं नाई लागत." इतकी वर्षं तो माणूस ती काळजी वाहून राहिला होता आणि आमच्यापैकी कोणी त्याला एकदा सांगितलं नव्हतं की बाप्पा, तुमची डाळ फार छान शिजते, लोक दुसऱ्यांदा वरण मागून घेतात.

त्यांना मी सोबत घेऊन आलो, स्वयंपाकघरात नेलं, बायांशी गाठ घालून दिली, मग त्यांनी पंगतीत बसून जेवण केलं. आता ते महिन्यातून एकदा येतात आणि वाढायला उभे राहतात. देणगी परत सुरू झाली का असं कोणी विचारेल तर हो, झाली, पण ती नसती झाली तरी मला चाललं असतं.

लोकांना पैशाचं काय झालं हे कळायला पाहिजे आणि त्यांना हातानं काही करायला मिळायला पाहिजे, ह्या दोन गोष्टींवर सगळं टिकते. आणि हे काही मी नवीन सांगत नाही, आपल्या विदर्भातच याची मोठी उदाहरणं आहेत. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडायचे, लोक लाजून का होईना सोबत झाडायला लागायचे, आणि रात्री कीर्तन. त्या माणसानं लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या आणि आजही मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे कॅन्सर पेशंट राहतात, आपल्या जिल्ह्यातलेही कितीतरी लोक तिथं राहून आले. शेगावला बघा, सेवाधारी आपापली पाळी लागली की गावावरून येतात, घरचं काम सोडून, फुकट सेवा करतात आणि परत जातात, आणि ती पाळी मिळावी म्हणून वाट बघतात. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केलं, पुढे तिथं मित्रमेळावे भरायचे, मदत करणारे लोक येऊन राहायचे, शेती बघायचे, तिथल्या माणसांसोबत जेवायचे. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलनं तर गावातल्या लोकांकडून हंगामात ज्वारी घेऊन आरोग्य विम्याची योजना चालवली. पैसा नसला तर धान्य द्या, पण तुमचा वाटा असू द्या. ह्या सगळ्या ठिकाणी देणारा माणूस बाहेर उभा नव्हता, आतला होता.

२०१७ ला आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झाली होती ते आपल्या वाचकांना आठवत असेलच, शेतकरी आणि शेतमजूर जीवाला मुकले, यवतमाळचं मेडिकल भरून गेलं होतं. तेव्हा भाकरीचे गाठोडे घेऊन धावले ते हेच लोक. लॉकडाऊनमध्ये २०२० ला हॉटेलं बंद, एसटी बंद, तेव्हाही कोणाला फोन करावा लागला नाही. पोळ्या लाटून डब्यात भरून मोटरसायकलवर यायच्या. संकटात कोण येते ते एकदा बघितलं की मग कोणाला जपायचं ते कळते.

खर्चाचं कारण सांगतात काही लोक. म्हणतात एवढ्या लोकांना पत्रं पाठवायची तर पैसे कुठून आणायचे. पोस्टकार्ड आजही ५० पैशाला आहे. त्याच्यावर हातानं चार ओळी लिहा, की तुमच्या वडिलांच्या तिथीला अमुक तारखेला जेवण झालं, इतकी मंडळी जेवली, भाजी वांग्याची होती, तुमची आठवण काढली. गावात पोस्टमन ते कार्ड वाचूनच देतो, शेजारीपाजारी ऐकतात, आणि ते कार्ड मग देवाच्या फोटोमागे जपून राहते. व्हॉट्सॲपवर पण करा, नाही म्हणत नाही, पण त्या माणसाचं नाव घेऊन, एकट्याला. ग्रुपमधला फॉरवर्ड मेसेज म्हणजे आभार नव्हे. आम्ही तिथीचं रजिस्टर वेगळं केलं आहे, महिन्यावारी, आणि आदल्या दिवशी फोन जातो की उद्या तुमच्या आईची तिथी आहे, वाढायला येता का. पुण्यात कंपनीत असलेली पोरं, ज्यांचा गावाशी संबंध लग्नकार्यापुरता उरला, त्यांना हा फोन गेला की काही तर फोनवरच रडतात. एका पोरीला आम्ही तिच्या आजोबांच्या जुन्या पावतीचा फोटो पाठवला, तिला माहीतच नव्हतं की आजोबा दरवर्षी द्यायचे. ती आता तिकडून फोनपे करते आणि गावी आली की पहिले स्वयंपाकघरात येते.

आणि हिशोब. संस्थेचा ऑडिट होते, धर्मादाय आयुक्त कार्यालयात कागद जातात, ते कायद्यानं आहेच. पण तो कागद गावातल्या माणसाला कोण वाचून दाखवते? आमच्याकडे गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं आहेत, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, ३० एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती ग्रामजयंती म्हणून होते. लोक जमलेलेच असतात. तिथं दहा मिनिटं घ्यायची आणि वर्षाचा हिशोब साध्या भाषेत वाचायचा, किती आले, किती तेलात गेले, किती गॅस सिलेंडरला, किती उरले. कोणी प्रश्न विचारला तर रागवायचं नाही. मी तर म्हणतो जो प्रश्न विचारतो तोच खरा आपला. आमसभेला पदाधिकारी आणि त्यांचे भाचे-पुतणेच बसतात हे बंद व्हायला पाहिजे, जुन्या देणगीदारांतून दोन-तीन माणसं सल्ल्याला घ्या, त्यात एक तरी बाई असू द्या, कारण आमच्याकडे धान्य देणारा हात बहुतेक बाईचाच असतो आणि पावतीवर नाव गड्याचं असते. आमच्या इथे बिजली बोर्डातून रिटायर झालेले एक देणगीदार आहेत, सगळी वायरिंग त्यांनी बघून दिली. एक जण सप्ताहाच्या महाप्रसादाला हजार लोकांचं वरण-बट्टी-आलूवांगं करणारे आचारी, त्यांनी बायांना तेल कसं वाचवायचं ते शिकवलं. ह्यांना आम्ही विचारलं म्हणून ते आले. न विचारता कोण येते हो, लोकांना वाटते आपण कोण सांगणारे.

संपादक साहेब, आपल्यालाही एक विनंती आहे. मोठ्या चेकचे फोटो छापा, पण महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या पानावर एक छोटी चौकट अशा माणसांसाठी ठेवा जे वर्षानुवर्षं कोणत्यातरी गावच्या कामाला थोडंथोडं देत आले, वाचनालय असो, गोरक्षण असो, पोरांचं वसतिगृह असो. त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन. आपले तालुक्याचे बातमीदार प्रत्येक गाव ओळखतात, त्यांना शोधायला वेळ लागणार नाही.

आणि संस्था चालवणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे की मार्च एंडिंगच्या गडबडीत शिरायच्या आधी जुनी पावती पुस्तकं पेटीतून काढा, पाच वर्षांपासून ज्यांचं नाव आलं नाही त्यांची यादी करा आणि उन्हं तापायच्या आत त्यांच्या घरी जाऊन या. काही घरी माणूस गेलेला असेल, तिथं तर नक्की जा.

आमच्या स्वतःच्या जुन्या देणगीदारांपैकी कोणी हे वाचत असेल, मधली काही वर्षं जमलं नसेल, तर सध्या तुरीचा सीझन चालू आहे, घरात काय आलं काय नाही ते बघू नका. संध्याकाळी सात वाजता पंगत बसते. काही आणू नका, जेवायला या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ